ठिबक लावल्यासारखं नाम: कामाच्या दिवसात देवाचं स्मरण कसं ठेवावं

आमच्या केळीच्या बागेला पूर्वी पाटाने पाणी द्यायचे. पाळी आली की वाफे तुडुंब भरायचे, दोन दिवस चिखल असायचा आणि पुढची पाळी येईपर्यंत झाडं वाट बघायची. मग शेतात ठिबक आलं. पाणी थोडंच, पण रोज आणि थेट मुळाशी. बाग कशी बदलली ते मी डोळ्यांनी पाहिलं.

माझी भक्ती कित्येक वर्षं त्या पाटपाण्यासारखी होती. नवरात्रात नऊ दिवस भरभरून, आषाढी-कार्तिकीला उपास, श्रावणात पोथी, आमच्या खानदेशातली देवी कानबाई घरी बसली की रात्रभर गाणी. मधल्या दिवसांत मात्र सकाळी घाईत लावलेली उदबत्ती, बस. मी भुसावळला राहते, नोकरीसाठी जळगावला अप-डाउन करते, शेती यावल तालुक्यात आहे आणि ती यजमान बघतात. ‘निवांत झाल्यावर नाम घेईन’ असं म्हणत म्हणत पस्तिशी ओलांडली आणि निवांतपणा काही आला नाही. तेव्हा एकदा शेतात ठिबकाच्या नळ्या अंथरताना मनात आलं, की झाडाला पाणी पाजायला आपण वेगळा दिवस काढत नाही आता, नळी त्याच्या मुळाशीच ठेवून देतो. नामाचंही तसंच करता येईल का? दहा-बारा वर्षं झाली त्याला. जे जमलं आणि जे चुकलं, ते टप्प्याटप्प्याने लिहिते.

आधी मनातली एक शंका काढून टाका

‘कामात असताना घेतलेलं नाम खरं कसं? देव तर एकाग्र चित्त मागतो.’ ही शंका मलाही होती. ती फिटली गीतेच्या आठव्या अध्यायातल्या सातव्या श्लोकाने. भगवंत अर्जुनाला सांगतात, सर्व काळी माझं स्मरण कर आणि युद्ध कर. दोन्ही एका दमात सांगितलं आहे. आणि ते सांगितलं रणांगणावर, समोर शंख वाजून झाल्यानंतर. आपल्या स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात त्याहून जास्त गोंधळ नसतो.

आपल्या खानदेशाचं या अध्यायाशी एक जवळचं नातं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आठव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी संस्कारांच्या सातत्यावर भर दिला आहे. शेवटच्या घडीला देव आठवावा असं वाटत असेल, तर आयुष्यभर रोजच्या कामातून तोच संस्कार मनावर होत राहिला पाहिजे. ऐकणारे कैदी होते. त्यांनाही दळण, सूतकताई, झाडलोट होतीच. म्हणून ते बोलणं मठातलं वाटत नाही.

आणि ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा पहिलाच अभंग घ्या. संसारात असूनच जिभेला वेग दे, असं माउली सांगतात. संसार सोडून ये असं त्यात कुठेच नाही.

पहिला टप्पा: एक नाम ठरवा आणि ते बदलू नका

गुरूंकडून अनुग्रह झाला असेल तर प्रश्नच नाही, तेच नाम. नसेल तर कुलदैवताचं किंवा ज्या देवाकडे मन आपोआप धावतं त्याचं घ्या. आपल्याकडे कुणाची कुलस्वामिनी धुळ्याची एकवीरा, कुणाची वणीची सप्तशृंगी. वारकरी घर असेल तर ‘राम कृष्ण हरी’ आहेच. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र गोंदवलेकर महाराजांनी प्रपंचातल्या माणसांसाठीच घरोघर पोचवला. शिवभक्ताला ‘नमः शिवाय’ पाच अक्षरांत बसतं.

कामासोबत नाम घ्यायचं तर ते लहान असावं, एका श्वासात सहज मावावं. मी सुरुवातीला मोठं स्तोत्र म्हणायला गेले. पोळी उलटायच्या वेळी नेमकं कडवं विसरायचं, मग तेच शोधत बसायचे आणि पोळी करपायची. स्तोत्राला देवघरातली वेळ द्यावी, कामाला नाम द्यावं.

एक खुलासा इथेच करते, कारण बायका मला हे हळूच विचारतात. मासिक पाळीत, सुतकात, आंघोळ व्हायच्या आधी नाम घ्यावं का? घ्यावं. नाम उच्चारायला काळवेळ नाही, असं हरिपाठातच आहे. देवपूजेचं सोवळं आपापल्या घरच्या रीतीने पाळा, नामाला ते लागत नाही. गुरूंनी दिलेला एखादा विशिष्ट मंत्र असेल आणि त्याचे नियम सांगितले असतील, तर मात्र त्यांचंच ऐकावं.

दुसरा टप्पा: आपल्या कामांची छाननी

एक दिवस, फक्त एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते वहीत लिहा. मग त्या कामांकडे नीट बघा. मला त्यात तीन जाती दिसल्या. काही कामं हाताची असतात: भाकरी, भांडी, झाडलोट, कापूस वेचणं, चालणं. हात आपोआप चालतात, मन मोकळं फिरतं. काही डोक्याची: हिशोब, पत्र लिहिणं, मुलांचा अभ्यास घेणं, गाडी चालवणं. तिथे मन पूर्ण लागतं. आणि काही माणसांची: गिऱ्हाईक, रुग्ण, सासू-सासरे, शाळेतली पोरं, साहेब. तिथे समोरच्याचं ऐकावं लागतं.

तिन्हींना एकच औषध लावायला गेलो की बिघडतं. मी हिशोबाच्या कामात मनात जप चालू ठेवायचा हट्ट केला आणि एका रकमेत शून्य जास्त पडलं. नशीब, संध्याकाळच्या आत सापडलं. त्या दिवशी कळलं की डोक्याच्या कामात जप घुसवला, तर जपही अर्धा होतो आणि कामही. तिथे स्मरणाची रीतच वेगळी आहे. ती पुढे सांगते.

तिसरा टप्पा: दोनच जागांपासून सुरुवात

पहिल्या महिन्यात दिवसाची दोन टोकं तेवढी धरा.

सकाळी डोळे उघडले की मोबाईलला हात लावण्याआधी अंथरुणात बसून तळहात बघा. ‘कराग्रे वसते लक्ष्मी’ येत असेल तर म्हणा, नसेल येत तर आपलं नाम अकरा वेळा. जमिनीवर पाय ठेवताना धरणीला हात लावून नमस्कार. दोन मिनिटं लागतात. मोबाईल आधी घेतला तर त्या दिवशी हे राहतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी तो रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावते आणि उठायला साधं गजराचं घड्याळ ठेवते.

दुसरी जागा दिवेलागणीची. दिवा लावून ‘शुभं करोति’ आणि मग अकरा वेळा नाम. कामावरून यायला उशीर होत असेल तर घरातल्या कुणीही दिवा लावावा. आपण रेल्वेत असलो तरी त्या वेळी डोळे मिटून तेवढंच म्हणावं. भुसावळ स्टेशन येईपर्यंत होऊन जातं.

हे दोन ठिबक महिनाभर न चुकता चालले, की तिसरं लावा. एकदम दहा लावले तर प्रेशर पुरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

चौथा टप्पा: हाताची कामं

खरं पीक इथे येतं, म्हणून इथे जरा थांबते.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. आजीला सगळं गाव माय म्हणायचं. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरायची आणि एकादशीला रथ निघायचा. त्या दिवशी ती आम्हाला घेऊन जायची. एरवी ती देवळात फारशी दिसायची नाही, ती शेतात असायची. कापूस वेचताना तिचे ओठ हलत असायचे. बोंडातून कापूस निघाला की ‘इठ्ठल’, ओटीत पडला की ‘इठ्ठल’. मी लहानपणी विचारलं होतं, माय, कंटाळा येत नाही का? ती म्हणाली, “हातले काम दे, जिभले नाव दे, मंग मन कोठे जाई?” हाताला काम दिलं, जिभेला नाम दिलं, मग मन जाईल तरी कुठे. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. आता ती रीत वाटते.

या रीतीचं मर्म असं आहे, की हाताच्या कामाला स्वतःची एक लय असते. नामाने ती लय धरायची, आपली वेगळी लय कामावर लादायची नाही. भाकरी थापताना परातीत भाकरी फिरते, त्या फिरण्यावर नाम बसतं. एका भाकरीला साधारण किती वेळा होतं ते एकदा मोजा, मग मोजायचं सोडून द्या. आमच्याकडे पाहुणे असले की कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पंधरा-वीस भाकरी होतात. तेवढ्यात तीन-चार माळा होऊन जातात आणि तव्यापुढची धग कमी वाटते. झाडताना प्रत्येक फटकाऱ्याला एक नाम. भांडी घासताना प्रत्येक भांड्याला एक, मोठ्या पातेल्याला दोन. चालताना ‘राम कृष्ण हरी’ची सहा अक्षरं सहा पावलांवर बसतात. चैत्रात वणीला पायी जाणारे आपले लोक काय करतात ते आठवा, पाऊल आणि जयजयकार एकच होऊन जातो. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीत तर लोक महिनाभर असेच चालतात.

केळीच्या कामात पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापणं आहे, पानं काढणं आहे. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना नाम आणि झाडापाशी विळा चालवताना लक्ष विळ्यावर, असं यजमान करतात. त्यांनी हे मला विचारून केलं नाही. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, कांदा, मुळा, भाजीतच विठाई पाहिली, एवढं त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. रात्रीची लाईट असली की ते मोटर चालू करायला जातात. स्टार्टर दाबून पाणी यायची वाट बघताना पूर्वी ते विडी ओढायचे. आता माळ ओढतात. त्यांची विडी कमी झाली हा नामाचा चमत्कार म्हणून मी सांगत नाही. हाताला दुसरं काम मिळालं, एवढंच मला त्यात दिसतं.

जनाबाईंनी दळताकांडताना देवाला गायलं. आता जातं गेलं, पण मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकर आहेत आणि यंत्र चालू असताना उभं राहण्याची दोन-तीन मिनिटंही आहेत. ही मिनिटं आपण मोबाईलला देतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत नाम, असा एक नेम करून बघा. मला स्वयंपाकघरात सगळ्यात लवकर हाच जमला.

कानबाईच्या सणाला हे सगळं आपोआप होतं, हे तुम्हाला जाणवलं असेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतलेला गहू निवडायचा, दळायचा, त्याचे नैवेद्याचे रोट करायचे. तिथे गहू निवडणं हे घरकाम आहे की पूजा, हे वेगळं सांगताच येत नाही. त्या दिवशी गहू ज्या हाताने निवडतो, त्याच हाताने एरवीच्या साध्या मंगळवारचे तांदूळ निवडावेत, एवढंच करायचं आहे.

एक सावधगिरी. गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना माहीत आहे. चिखल तुडवताना नामात देहभान हरपलं आणि पायाखाली लेकरू आलं. पुढे देवाने ते परत दिलं. ती कथा ऐकून डोळ्यांत पाणी येतं. पण ती भगवंताच्या कृपेची कथा आहे. आपल्या घरात चूल पेटलेली असेल, लेकरू रांगत असेल, विहिरीवर काम असेल, तर डोळे उघडे आणि लक्ष तिकडेच. नाम तेवढा वेळ मागे राहिलं तरी देव रागावत नाही.

पाचवा टप्पा: डोक्याची कामं

इथे जप थांबवा. कामाच्या आधी आणि नंतर देवाला आणा.

मी फाईल उघडण्याआधी एकदा मनात म्हणते, ‘देवा, हे तुझं काम’. फाईल बंद करताना ‘कृष्णार्पणमस्तु’. मध्ये पूर्ण लक्ष फाईलवर. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात, जे करशील, जे खाशील, जे देशील, ते मला अर्पण कर. मला वाटतं यात ‘नीट कर’ हे आपोआप आलं. आपण देवाला किडकी सुपारी वाहत नाही, तर चुकलेला हिशोब कसा वाहणार? अर्पण करायचं म्हटल्यावर मी बेरीज दुसऱ्यांदा तपासू लागले, हा फरक मला स्वतःत दिसला.

मधल्या फटी मात्र सोडू नका. संगणक सुरू होईपर्यंत, प्रिंट येईपर्यंत, फोन लागेपर्यंत, फाटक उघडेपर्यंत. एकेका फटीत पाच-सात नामं मावतात.

मोटारसायकल चालवताना हातात माळ किंवा मनात मोजणी नको. गाडी सुरू करण्याआधी हात जोडा, उतरल्यावर जोडा. शेतात फवारणी करताना तर वाऱ्याची दिशा, तोंडावरचा मास्क आणि पंपाची गळती यांवर लक्ष असू द्या. फवारणी झाली, हातपाय साबणाने धुतले, मग बांधावर बसून नाम. विद्यार्थ्यांनीही तसंच करावं. गणित सोडवताना गणित आणि वही मिटल्यावर नाम.

सहावा टप्पा: माणसांची कामं

हे मला सगळ्यात अवघड गेलं आणि अजूनही जातं.

समोर माणूस बोलत असताना आपण मनात जप करत राहिलो, तर त्याला लगेच कळतं की आपलं लक्ष नाही. सासूबाई गुडघ्याचं दुखणं सांगत होत्या आणि मी आपली मनात माळ चालवत हूं-हूं करत होते. त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “राहू दे बाई, तुझं चालू दे.” मला फार लागलं ते. त्या दिवसापासून ठरवलं, की माणसांच्या कामात नाम फक्त उंबऱ्यावर घ्यायचं. बोलणं सुरू व्हायच्या आधी एकदा, मनातच. आपल्याकडे दारात आलेल्याला ‘राम राम’ म्हणतात, महानुभाव घरांत ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. सवयीने तोंडातून जातं ते. ते एकदा अर्थ धरून म्हणून बघा, की समोर जो उभा आहे त्याच्यातल्या रामालाच हा राम राम आहे. मग त्याचं ऐका. पूर्ण ऐका. सासूबाईंच्या गुडघ्याला आता मी तेल लावते तेव्हा त्या बोलतात आणि मी ऐकते. त्या बोलायच्या थांबल्या की हात चोळता चोळता नाम चालतं. कधी कधी त्याही सोबत म्हणतात.

राग येतो तेव्हाचं वेगळं. ऑफिसात सगळ्यांसमोर बोल बसले की आधी कान तापतात, मग जीभ सुटते. त्या कान तापण्याला मी खूण करून ठेवली आहे. तापले की उठायचं, पाणी प्यायचं, तीन वेळा नाम, मग उत्तर. दरवेळी जमत नाही. जमलं नाही त्या दिवशी मुक्ताबाईंची आठवण काढते. लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानोबांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभं राहून ती उघडायची विनवणी केली. तेच ताटीचे अभंग. त्याच मुक्ताबाई पुढे १२९७ साली आपल्या तापीकाठी मेहूणजवळ विजेच्या लोळात गुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. आपल्या मातीत विसावलेल्या त्या माउलीने मोठ्या भावाला सांगितलेलं, आपण घरी रुसून बसल्यावर स्वतःला सांगावं आणि दार उघडून बाहेर यावं.

मोजावं की मोजू नये

पहिले सहा महिने मोजा. सवय लागली की नाही ते त्यावरून कळतं. माळेत १०८ मणी आणि एक मेरुमणी असतो. मेरू ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. विठ्ठल-रामाच्या जपाला तुळशीची, शंकराच्या जपाला रुद्राक्षाची माळ. मणी मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने ओढतात, तर्जनी लावत नाहीत. ‘राम कृष्ण हरी’ सावकाश म्हटलं तर एका माळेला साधारण चार मिनिटं लागतात. भुसावळ ते जळगाव गाडीत सहा-सात माळा सहज होतात, जागा मिळो न मिळो.

गर्दीत माळ काढायला संकोच वाटत असेल तर बोटं आहेतच. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा पेरांवरून फिरवत बारा झाले की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. अशा नऊ फेऱ्या म्हणजे १०८. पिशवीचा बंद खांद्यावर असतानाही जमतं. बोटात घालायचं बटणाचं काउंटर मिळतं, तेही चालेल, फक्त आकडा कुणाला सांगू नका. आमच्या डब्यात एकदा दोघींची ‘तुझे किती, माझे किती’ अशी चढाओढ लागली. महिनाभरात दोघींचंही नाम सुटलं.

जप तीन तऱ्हांचा असतो. मोठ्याने म्हणतात तो वाचिक, नुसते ओठ हलतात तो उपांशु आणि मनातल्या मनात होतो तो मानस. मानस श्रेष्ठ मानतात, पण नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये. मन कधी बाजारात गेलं ते कळतच नाही. घरी, शेतात वाचिक करा, चारचौघांत उपांशु. मानस आपसूक येतो. जुनी माणसं म्हणतात की दिवसाला २१,६०० श्वास चालतात, म्हणजे मिनिटाला पंधरा. त्यातल्या काही श्वासांना जरी नाम लागलं, तरी दिवस वेगळा जातो.

आजीला शेवटी अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं. आम्ही उशाशी बसून नाम म्हणायचो आणि तिच्या चालत्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरत असायचा. एक, दोन, तीन, पुढचं बोट. दोन आठवडे तेवढंच चालू होतं. आठव्या अध्यायात काय सांगितलं आहे ते मला पुस्तकाआधी त्या अंगठ्याने शिकवलं.

नाम यंत्रासारखं झालं तर

होणारच. ठिबकाचे ड्रिपर क्षाराने बुजतात. वरून नळी ओली दिसते, मोटर चालू असते आणि झाडाला थेंब पोचत नाही. तेव्हा काय करतो आपण? नळीचं शेवटचं टोक उघडून जोरात पाणी सोडतो, गाळ निघून जातो. नामालाही आठवड्यातून एकदा असं फ्लश करावं लागतं. गुरुवार किंवा एकादशी धरा. वीस मिनिटं, काम नाही, मोबाईल नाही, दिवा लावून बसायचं आणि नाम मोठ्याने, चालीवर, टाळ असेल तर टाळ घेऊन म्हणायचं. गावात काकडा, हरिपाठ किंवा कीर्तन असेल तर तिथे जाऊन बसा. एकट्याने चिकाटी टिकत नाही, चौघांत टिकते. सप्ताहाला गावाकडे जाऊन आले की माझं नाम महिनाभर ताजं राहतं.

तेवढ्यानेही कोरडेपणा गेला नाही, तर फिल्टर तपासा. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा कुणाशी तरी मनात धुसफूस चालू असते आणि त्यावर मी नाम ओतत असते. आधी जाऊन ते भांडण मिटवावं लागतं.

खंड पडला तर

आजारपण, लग्नसराई, परीक्षा, कापणीचे दिवस. आठवडा आठवडा नाम राहतं. जे राहिलं ते भरून काढायला जाऊ नका. ‘काल पाच माळा राहिल्या, आज दहा करू’ असं केलं की आजच्याही राहतात. सरळ त्या दोन मूळ जागांवर परत या, सकाळचे तळहात आणि संध्याकाळचा दिवा. दिवसाच्या मध्येच आठवलं की ‘अरे, सकाळपासून एकदाही नाही’, तर ते आठवणं हेच स्मरण झालं. तिथूनच पुढे चालू करा, स्वतःला बोल लावण्यात ती दोन मिनिटं घालवू नका.

घरातल्यांचंही सांगते. नामाच्या नावाखाली कुणाचा डबा उशिरा झाला, म्हाताऱ्यांचं औषध चुकलं, शेतावरच्या मजुरांची मजुरी अडली, तर घरातल्यांच्या मनात नामाविषयीच अढी बसते. माझी एक मैत्रीण सकाळी दीड तास जपाला बसायची आणि मुलं शाळेत उपाशी जायची. तिने आता बैठक पंधरा मिनिटांवर आणली आणि उरलेलं नाम डब्याच्या पोळ्यांत घातलं. मुलांनाही आता ते पाठ झालं आहे.

कधी सुरू करावं, आणि रात्रीचं

केव्हाही. तरी मुहूर्त हवाच असेल तर आषाढी एकादशीला नेम घ्या. कार्तिकीपर्यंत चार महिने मिळतात, तेवढ्यात हे सगळे टप्पे एकामागून एक लावून होतात. पहिल्या महिन्यात दोन टोकं, दुसऱ्यात एक हाताचं काम, तिसऱ्यात ऑफिसची किंवा शेतातली सुरुवात आणि शेवट, चौथ्यात राग. राग चौथ्यातच घ्या, आधी घेतला तर हिरमोड होतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस उलटा आठवायचा, जेवणापासून मागे उठेपर्यंत. कुठे देव आठवला, कुठे नाही, कुणाला दुखावलं. पाच मिनिटांत होतं. चुकलेलं देवापुढे ठेवायचं, उद्याचं एकच काम ठरवायचं ज्यात नाम घालायचं आहे, आणि नाम घेत झोपायचं. मोजायचं नाही, झोप लागेपर्यंत घ्यायचं. मध्येच झोप लागली तर ते नाम तिथेच राहतं. बऱ्याचदा पहाटे जाग येते तेव्हा तेच जिभेवर असतं.

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. मी दरवर्षी ऑफिस सुटल्यावर त्या गर्दीत उभी राहते, वर्षभराची नामाची वही पर्समध्ये असते. रथ पुढे गेला की शेवटच्या पानावर तारीख घालते आणि येताना स्टेशनजवळच्या दुकानातून नवी वही घेते.